गोलपोस्ट पुन्हा पुन्हा सैल होऊन पुढे कलंडतो: मेख ठोकण्याआधी काय तपासायचं

समस्या अशी: मेखा ठोकल्या, आठवडाभर सगळं नीट चाललं, आणि मग एका संध्याकाळी गोलची मागची पट्टी जमिनीपासून दोन बोटं वर आलेली दिसली. घण आणला, पुन्हा ठोकल्या. पंधरा दिवसांनी परत तेच. जमिनीत कायमचे न गाडलेले, उचलून हलवता येणारे फुटबॉलचे गोल जिथे आहेत, तिथे मैदान सांभाळणाऱ्याच्या मागे हे दुखणं लागलेलंच असतं.

मी अशा चार गोलांची देखभाल बरीच वर्षं करतो आहे. पहिली दोन वर्षं मीही फक्त ठोकत राहिलो. मग एका संध्याकाळी सराव संपल्यावर, मैदान जवळजवळ रिकामं असताना, मागून वारा आला, जाळी शिडासारखी फुगली आणि एक अख्खा गोल तोंडावर आपटला. आडव्या दांडीने मातीत चर पाडला होता. दहा मिनिटांपूर्वी त्याच जागी आठ-नऊ वर्षांची मुलं बूट सोडत बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून ‘मेख परत ठोकली’ हे उत्तर मी स्वतःकडूनसुद्धा स्वीकारायचं सोडलं. मेख का निघाली, हे कळेपर्यंत गोल उभा करायचा नाही.

आधी आजचा दिवस

तुमचा गोल आत्ता सैल असेल तर पुढचं वाचण्याआधी तो वापरातून काढा. माणसं जमवून तो हळूच तोंडावर, म्हणजे दांडी जमिनीला टेकेल असा आडवा करा. आडवा पडलेला गोल आणखी कुठे पडणार? हे काम मुलांकडून करून घेऊ नका. हलक्या ॲल्युमिनियमच्या गोललाही मी चार मोठी माणसं घेतो, लोखंडी असेल तर सहा. दोघं मागच्या पट्टीवर राहतात, बाकीचे खांबांवर, आणि एकच जण तोंडाने सूचना देतो. आडवा केल्यावर साखळी घालून कुलूप लावा. नुसता ‘वापरू नये’ असा कागद चिकटवून भागत नाही. मैदानावर येणारी मुलं कागद वाचून खेळत नाहीत.

सामना तोंडावर आला आहे, एवढा खेळून घेऊ, असं कोणी म्हणालं तर खेळाचे नियमच तुमच्या बाजूने आहेत. नियमांतला पहिलाच नियम मैदानाबद्दलचा आहे आणि त्यात म्हटलं आहे की गोल जमिनीला पक्के बांधलेले हवेत, हलवता येणारेसुद्धा. आडवी दांडी निसटली किंवा मोडली तर ती जागेवर बसेपर्यंत खेळ थांबतो, आणि तिच्या जागी दोरी ताणायला स्पष्ट मनाई आहे.

गोल पुढेच का पडतो

हे एकदा नीट समजलं की निम्मे उपाय आपोआप सुचतात, म्हणून इथे जरा वेळ काढतो.

मोठ्या मैदानाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. दोन जाड खांब आणि लांब आडवी दांडी, म्हणजे सांगाड्याचं बहुतेक वजन, समोरच्या एकाच रेषेत उभं असतं. मागे असतात त्या बारीक नळ्या आणि तळपट्टी. त्यामुळे अख्ख्या गोलचं वजन जिथे एकवटतं तो बिंदू खांबांच्या फारच थोडा मागे येतो. खांबांचे पाय ही बिजागरी समजा. मागचं थोडंसं वजन गोलला मागे धरून ठेवतं, आणि दांडीवर पुढच्या दिशेने लावलेला कुठलाही जोर २.४४ मीटरच्या लांब तरफेने त्याला पुढे ओढतो.

उदाहरण म्हणून ८० किलोचा गोल घ्या आणि त्याचा वजनाचा मध्य खांबांच्या ४० सेंटिमीटर मागे आहे असं धरा. दांडीला धरून पुढे ओढायला लागणारा जोर येतो ८० गुणिले ०.४० भागिले २.४४, म्हणजे फक्त १३ किलोच्या आसपास. आता ३५ किलोचं एक मूल दांडीला लटकून झोका घेतंय. झोका उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत गेला की त्याच्या हातांमधून दांडीवर पुढच्या दिशेने सुमारे १५ किलोचा ओढा बसतो. १५ हे १३ पेक्षा जास्त. संपलं. मूल दांडीला लटकलेलं, तोंड वर, आणि दांडी त्याच्या मागोमाग खाली येते. इतक्या उंचीवरून येणारी दांडी जमिनीजवळ पोचते तेव्हा तिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या घरात असतो, आणि हे सगळं सेकंदभरात उरकतं. ‘पडताना दिसलं असतं तर पळालो असतो’ याला अर्थ नाही.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९५ मध्ये हलवता येणाऱ्या गोलांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात १९७९ ते १९९४ या काळात त्या देशात अशा गोलांमुळे झालेले किमान २१ मृत्यू नोंदले आहेत. त्यातली माझ्या डोक्यात पक्की बसलेली गोष्ट वेगळीच आहे: या अपघातांमधले जवळजवळ सगळे गोल शाळेच्या कार्यशाळेत, देखभालीच्या माणसांनी किंवा जवळच्या वेल्डरने बनवलेले होते. जड आणि अस्थिर. बनवणाऱ्याने मन लावून भक्कम पाईप वापरलेला असतो, म्हणूनच तो जड होतो; आणि मागचा पाया किती लांब हवा याचा हिशेब कोणी केलेला नसतो. तुमच्या मैदानावर असा घडवून घेतलेला गोल असेल तर खालच्या सगळ्या तपासण्या त्याच्यावर दुप्पट कडकपणे करा. माझं मत विचाराल तर तो बदलाच.

आणि उलट बाजूचा गैरसमज: मुलांचा गोल हलका आहे, मग काय होणार? हलका गोल कलंडायला जोरही कमीच लागतो. दांडी हलकी असली तरी मुलाच्या मानेवर पडायला तेवढी पुरते.

ओढून बघा

डोळ्यांनी पाहून गोल पक्का आहे की नाही हे कळत नाही. मी हे असं करतो. आसपास कोणी खेळत नाही याची खात्री करायची. दांडीच्या बरोबर मध्यावर दोर बांधायचा, चांगला सहा-सात मीटर लांब, म्हणजे ओढणारे पडणाऱ्या दांडीच्या टप्प्याबाहेर राहतात. दोन मोठी माणसं समोरून हळूहळू जोर वाढवत ओढतात, हिसका देत नाहीत. तिसरा बाजूला उकिडवा बसून फक्त मागच्या पट्टीकडे बघतो. पट्टी बोटभर जरी उचलली गेली, तरी गोल नापास. पट्टी हलली नाही पण खांब पुढे सरकले, तरीही नापास.

किती जोर सहन झाला पाहिजे? युरोपातल्या ईएन ७४८ या मानकाच्या चाचणीत दांडीच्या मध्यावर ११०० न्यूटनचा आडवा जोर लावतात, आणि गोल कलंडता कामा नये. ११०० न्यूटन म्हणजे सुमारे ११२ किलोचा ओढा. वरच्या उदाहरणातला न बांधलेला गोल १३ किलोला उलटतो, हे शेजारी ठेवून पाहा. लटकवायचा मोठा काटा मिळाला तर दोरात अडकवून आकडा घ्या. नसेल तर दोन धडधाकट माणसांनी टाच रोवून लावलेला जोर ही माझी किमान पायरी आहे, त्याखाली मी येत नाही.

चाचणीत पट्टीचं कुठलं टोक आधी उचललं जातं ते लिहून ठेवा. माझ्याकडे चारातल्या तीन गोलांचं नेहमी एकच टोक उचललं जायचं, आणि तिथेच कारण सापडलं.

मेख स्वतःहून निघते तेव्हा

पहिली शंका: ती मेख गोलची आहे का जाळीची? जाळीची कड जमिनीला टेकवून ठेवणाऱ्या बारीक, वीतभर मेखा गोल धरून ठेवायला नसतातच. वर सांगितलेल्या अमेरिकी मार्गदर्शिकेतही हे वेगळं बजावलं आहे. तरीही मी पाहिलेल्या सैल गोलांमध्ये हा घोटाळा सर्रास दिसतो, कारण गोलची मूळ मेख हरवली की हाताशी लागते ती जाळीची.

दुसरी शंका मेखेच्या कोनाची. गोल पुढे कलायला लागतो तेव्हा मागची पट्टी सरळ वर उचलली जाते. सरळ उभी ठोकलेली गुळगुळीत मेख फक्त मातीच्या घर्षणावर टिकते. जशी आत गेली तशीच वर येते. तीच मेख तिरकी ठोकली की वर येताना तिला मातीचा अख्खा ढेकूळ उचलावा लागतो. एकाच जागी दोन मेखा एकमेकींच्या उलट तिरक्या, फुलीसारख्या ठोकल्या तर आणखी बरं. पट्टीला आधीच भोकं नसतील तर वरून वाकवलेली, पट्टीवर आकड्यासारखी बसणारी मेख लागते. सरळ मेख पट्टीच्या शेजारी ठोकून दोरीने बांधली असेल तर ती बांधणी धरू नका. दोरी उन्हाने कुजते, प्लॅस्टिकचे पट्टे तर एका उन्हाळ्यात ठिसूळ होऊन तुटतात. साखळी किंवा बोल्टने आवळलेला पट्टा लावा.

तिसरी शंका मातीची, आणि बहुतेक वेळा खरा चोर इथे असतो. चिकण माती ओली असताना मेखेला घट्ट धरते, सुकली की आकसते आणि मेखेभोवती फट पडते. पावसात ठोकलेली मेख उन्हाळ्यात खुळखुळते ती यामुळे. वाळूत नुसती मेख टिकतच नाही. गोलच्या जवळ सतत पायदळी येणारी जागाही भुसभुशीत होते. आणि तुम्ही निघालेली मेख पुन्हा त्याच भोकात ठोकत असाल, तर दर खेपेला भोक रुंद होत जातं. माझा दोन वर्षांचा ‘आठवडाभर नीट, मग सैल’ हा क्रम यातूनच आला होता. गोल हातभर बाजूला सरकवून ताज्या मातीत ठोकलं की फरक लगेच दिसतो, पण तोही तात्पुरता.

टिकणारा उपाय म्हणजे फिरवून आत घालायचा, खालच्या टोकाला मळसूत्रासारखी पाती असलेला अँकर. वरच्या कडीत पहार घालून तो जमिनीत पिळत न्यायचा. पातीवर मातीचा भार बसतो, त्यामुळे सरळ मेखेच्या मानाने तो कितीतरी जास्त धरतो. भुसभुशीत मातीत मोठ्या पातीचा आणि लांब घ्या. कडी जमिनीच्या वर डोकावत राहू देऊ नका. तिच्यात पाय अडकून घोटा मुरगळला तर एक धोका काढून दुसरा आणल्यासारखं होईल. आणि खाली काय आहे ते विचारल्याशिवाय पहार फिरवू नका. मैदानाच्या कडेने पाणी मारायच्या नळ्या आणि दिव्यांच्या वायरी गेलेल्या असतात.

त्याहून पक्कं काम हवं असेल तर काँक्रीटमध्ये बसवलेल्या नळीत मागच्या पट्टीचा अँकर खाली उतरवून पिनने अडकवायचा. खर्च आणि खोदाई एकदाच. पण मग गोल त्याच जागी राहणार, आणि इथूनच पुढचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सुरू होतो.

मेख निघत नसते, काढलेली असते

अँकर बदलल्यावर तीन गोल शहाण्यासारखे उभे राहिले. चौथा मात्र दर पंधरवड्याला सैल. माती तीच, अँकर तेच. शेवटी मी चारही अँकरच्या डोक्यावर आणि पट्टीवर मिळून एक सलग रंगाची रेघ ओढली. अँकर स्वतःहून सैल झाला तर रेघ जरा सरकेल. कोणी काढून परत घातला तर दोन तुकडे जुळणारच नाहीत. पुढच्या आठवड्यात दोन अँकर उलट दिशेला तोंड करून नुसते भोकात टेकवलेले होते.

गवत कापणाऱ्याने यंत्र फिरवायला गोल बाजूला घेतला होता, आणि जाताना परत ठेवला होता. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. पहार फिरवून अँकर आत घालायचा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि पहार माझ्या कपाटात कुलपात होती. चूक त्याची नव्हती. मी गोलची व्यवस्था लावली होती, गोल हलवणाऱ्या माणसाची लावली नव्हती.

तेव्हा तुमच्याकडे गोल कोण कोण हलवतं याची यादी करा. गवत कापणारे, गोलतोंडाशी माती उघडी पडली म्हणून गोल पुढे-मागे करणारे प्रशिक्षक, छोट्या मैदानाचे सामने लावणारे, दुसरा खेळ खेळायला जागा करणारे, आणि संध्याकाळी स्वतःच खेळायला येणारी मोठी मुलं. यांच्यापैकी प्रत्येकाला अँकर काढता येतो. परत बसवता किती जणांना येतो?

मी केलेले बदल साधे आहेत. अँकर आखूड साखळीने गोललाच जोडून टाकले, म्हणजे गोल जिथे जाईल तिथे तेही जातात आणि गवतात हरवत नाहीत. पहार आणि घण गोलपाशीच पेटीत ठेवले. पेटीची किल्ली गवत कापणाऱ्याकडे, प्रशिक्षकाकडे आणि माझ्याकडे. अँकरच्या डोक्यांना भडक नारिंगी रंग दिला, त्यामुळे एखादा जागेवर नसेल तर लांबूनच कळतं. आणि नियम एकच ठेवला: ज्याने हलवला त्याने बांधायचा, आणि बांधून झाल्याशिवाय चेंडू मैदानात येणार नाही. गवत कापणाऱ्याला मी बाजूला घेऊन एकदा दोर बांधून ओढून दाखवलं, बांधलेला आणि न बांधलेला. त्यानंतर त्या गोलच्या रेघा कधी तुटल्या नाहीत.

जिथे मेख ठोकताच येत नाही

कृत्रिम गवतावर किंवा बंद सभागृहाच्या जमिनीवर मेख मारता येत नाही, तिथे वजन ठेवतात. इथे चूक होते ती आकड्यात. मागे दोन गोणी टाकल्या की काम झालं असं वाटतं.

पुन्हा तोच ८० किलोचा गोल घेऊ. मागची पट्टी खांबांपासून २ मीटर मागे आहे. ११०० न्यूटनचा जोर झेलायचा तर हिशेबाने मागच्या पट्टीवर सुमारे १२० किलो लागतात. पाया दीड मीटरच असेल तर १६० किलो. आणि पाया २ मीटरचाच असून तेच वजन मागच्या पट्टीवर न ठेवता बाजूच्या नळ्यांवर, मध्यावर ठेवलं तर २४० किलो. वजन जितकं खांबांच्या जवळ, तितकं ते वाया. २५ किलोच्या दोन गोणी बाजूच्या नळीला टेकवून ठेवल्या असतील, तर तो गोल बांधलेला नाही असंच मी समजेन. हे आकडे माझ्या उदाहरणाचे आहेत. तुमच्या गोलसोबत बनवणाऱ्याने वजनाचा आकडा दिला असेल तर तो पाळा, आणि दिला नसेल तर ओढून बघायची चाचणी आहेच.

गोणी पट्टीच्या शेजारी नव्हे, पट्टीवर आडवी टाकून पट्ट्याने बांधायची. शेजारी ठेवलेली गोणी गोल उलटताना जमिनीवरच पडून राहते. वाळूच्या गोणी उन्हाने विरतात आणि हळूहळू गळतात. दिसायला फुगलेली गोणी उचलून पाहिली की निम्मीच भरते. पाण्याचे डबे वापरत असाल तर एक लिटर म्हणजे एक किलो, आणि झाकण सैल असेल तर ते किलो रोज थोडे थोडे कमी होतात. शक्य असेल तर मागच्या पट्टीतच वजन बसवलेले गोल घ्या, ते कोणाला काढून नेता येत नाही. त्यांना चाकं असतात. उभा केल्यावर चाकं वर उचलली गेली आहेत आणि पट्टी जमिनीला टेकली आहे हे पाहा, नाहीतर वजन असूनही गोल पुढे घरंगळतो.

सांगाडा

अँकर पक्के आहेत, माती घट्ट आहे, कोणी हात लावलेला नाही, तरी गोल डुगडुगतो? मग दोष सांगाड्यात आहे. कोपऱ्यांपासून सुरुवात करा, जिथे दांडी खांबात बसते. बोल्ट हाताने फिरत असेल तर तो आवळून उपयोग नाही, चेंडूच्या दणक्यांनी पुन्हा सैल होणार. आत नायलॉनची कडी असलेला नट लावा. एखादा बोल्ट गायब असेल आणि त्या जागी तार किंवा खिळा असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गोल बाद. वेल्डिंगच्या सांध्यावर रंगाला केसासारखी रेघ दिसली की नख फिरवून बघा, बहुतेकदा खाली चीर असते.

गोल ओढत नेल्याने मागची पट्टी वाकते. वाकलेली पट्टी मधेच टेकते आणि टोकं अधांतरी राहतात, किंवा उलट. वर सांगितलेलं ‘नेहमी एकच टोक उचललं जातं’ ते यातूनही येतं. गोल नेहमी उचलून न्या.

कायमचे गाडलेले गोल निर्धास्त, असंही नाही. लोखंडी खांब जमिनीच्या रेषेशी गंजतो, बहुतेकदा आतून, आणि वरचा रंग शाबूत असतो. खांबाच्या तळाशी हातोडीने टिचक्या मारत फिरा. जिथे खणखणीत आवाजाचा बद्द आवाज होतो तिथे टोच्याने टोचून बघा. लाकडी खांब तिथेच कुजतो. खांब नळीत बसवलेला असेल तर फटीत साचणाऱ्या पाण्याला निचरा आहे का, हेही पाहा.

जाळीचे हुक

विषय कलंडण्याचा असला तरी हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दांडीवर जाळी अडकवायला लोखंडी उघडे हुक असतील तर ते आजच काढा. उडी मारून जाळी हुकात अडकवताना बोटातली अंगठी हुकात अडकते, अंग खाली येतं आणि बोट वर राहतं. बोटाची कातडी सोलवटून निघण्यापर्यंत ही इजा जाते. त्याजागी प्लॅस्टिकच्या बंद चापा किंवा चिकटपट्टीचे बंद लावा, ज्यांत बोट शिरणार नाही. आणि जाळी लावायला शिडी वापरा, अंगठ्या काढून. खांबावर चढून कोणी जाळी लावत असेल तर तो नेमका तोच जोर देतोय ज्याने गोल कलंडतो.

वापर नसताना

गोल उलटण्याची भीती सामन्यात कमी असते, कारण तेव्हा मोठी माणसं हजर असतात. खरी भीती सराव संपल्यावरची, बाजूला ढकलून ठेवलेल्या, अँकर काढलेल्या गोलची. मुलांना तो मैदानातल्या गोलपेक्षा जास्त खुणावतो, कारण तिथे कोणी हटकत नाही. तेव्हा बाजूला ठेवलेला गोल नुसता मोकळा उभा ठेवायचाच नाही. दोन गोल असतील तर तोंडाला तोंड लावून, दांडीला दांडी आणि खांबाला खांब साखळीने बांधून कुलूप घाला. मग एक पुढे पडायला लागला तर दुसरा त्याला धरतो. एकच असेल तर तोंडावर आडवा, किंवा भक्कम कुंपणाला कुलूपबंद. जाळी काढून ठेवा: वारा अडत नाही आणि चढायला पायरी राहत नाही. घडीचा गोल असेल तर घडी घालून आत.

मुलांना लटकू नका म्हणून सांगायचं, दांडीवर तशी पाटी लावायची, हे मी दर मोसमाच्या पहिल्या दिवशी करतो. पण त्यांच्यासमोर एखादा प्रशिक्षक दांडीला लटकून व्यायाम करताना दिसला की ते सगळं पुसलं जातं, म्हणून आधी मोठ्यांना सांगतो.

अंगावर पडलाच तर

मुलाला ओढून बाहेर काढू नका. चार-सहा जणांनी दांडी एकदम सरळ वर उचलायची आणि ती परत घसरणार नाही अशी धरून ठेवायची. तोवर दुसऱ्या कोणीतरी रुग्णवाहिकेला फोन करायचा. श्वास चालू असेल तर मान-डोकं आहे त्या स्थितीत स्थिर धरून मदत येईपर्यंत थांबा. श्वास चालत नसेल तर मानेची काळजी मागे पडते, छातीदाब ताबडतोब सुरू करा. आणि मूल उठून ‘मला काही झालं नाही’ म्हणालं, तरी डोक्याला किंवा पोटाला मार बसला असेल तर डॉक्टरकडे न्याच. आतला रक्तस्राव उशिरा कळतो.

बाद झालेला गोल

तपासणीत नापास झालेला, दुरुस्त होण्यापलीकडचा गोल मैदानाच्या मागे टेकवून ठेवू नका आणि ‘लहान मुलांना सरावाला होईल’ म्हणून दुसऱ्या कोणाला देऊही नका. आमचा एक असा गोल मी तोंडावर आडवा करून ठेवला होता. चार दिवसांनी पाहिलं तर कोणीतरी तो उचलून झाडीजवळ उभा केला होता आणि मातीत दोन्ही बाजूंनी बुटांचे ठसे होते. त्याच दुपारी कटर आणून दांडी मधोमध आणि दोन्ही खांब गुडघ्याच्या उंचीवर कापले, आणि तुकडे भंगारात पाठवले.